मत्स्यालयाचे पाणी : नितळ आणि स्वच्छ यांतला फरक

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही आरोग्य खात्याची ओळ भिंतींवर वाचत आपल्याकडच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या. ओळ खोटी नाही. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात आणि हौदातल्या साचलेल्या पाण्यातही तग धरतात. परंतु या ओळीच्या आडून एक समजूत न बोलता मनात शिरली आहे. ज्या पाण्यात मासे खेळतात ते पाणी चांगलेच असणार, आणि ते वर नितळही दिसत असेल तर मग विचारायलाच नको! माझी तक्रार या समजुतीविरुद्ध आहे. त्याहून अधिक, ही समजूत ज्या चित्राने आणि ज्या मार्गदर्शक पुस्तिकांनी पक्की केली, त्यांच्याविरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो होतो. व्हरांड्यात दोन-अडीच फुटांची काचेची पेटी होती. तळाला वाळू, दोन-चार पाणवनस्पती, गप्पी आणि बाजारातून आणलेले चार गोल्डफिश. गुरुजींना तिचा अभिमान होता आणि तो योग्यच होता. "पाणी बघा, पलीकडची पाटी वाचता येते," ते म्हणाले. पाहुण्यांसमोर पाणी बदलून दाखवायचे ठरले. सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाने रबरी नळीचे एक टोक पेटीत सोडले, दुसरे तोंडात धरले आणि ओढले. पाणी आले, थोडे तोंडात गेले, तो थुंकला, सगळे हसले. काढलेले पाणी ज्या स्टीलच्या बादलीत भरले, ती बादली पुढे विसळून पोषण आहाराच्या शेडकडे गेली. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलणार तरी काय? वक्रनलिकेचे तत्त्व मी स्वतः पंधरा वर्षे नळी तोंडानेच ओढून शिकवले आहे.

म्हणून त्या मुलाला किंवा त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी केले ते आपण सर्वांनी शिकवलेलेच होते. दोष शोधायचा तर आधी त्या चित्राकडे पाहिले पाहिजे.

'संतुलित मत्स्यालया'चे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. एक मासा, एक वनस्पती, दोन बाण. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेते. वनस्पती ऑक्सिजन सोडते, मासा तो घेतो. वर्तुळ पुरे झाले, संतुलन साधले. या चित्राचा इतिहास पाहिला तर ते किती जुने आहे हे कळून आपण चकित होतो. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे असाच प्रयोग मांडला. त्यांच्या पात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. काही दिवसांनी वनस्पतीची पाने सडू लागली आणि पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी सडका भाग खाल्ला आणि पाणी पुन्हा नितळ झाले. तीनच वर्षांत, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. 'ॲक्वेरियम' हा शब्द फिलिप गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने रूढ केला.

आता गंमत पाहा. मासा नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. तो कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि अमोनिया हे माशासाठी विष आहे. वॉरिंग्टन यांच्या पात्रातला अमोनिया जात कुठे होता? वनस्पती काही घेत असणार, पण गोगलगायी तर तो नाहीसा करत नाहीत. उलट त्यात स्वतःची भर घालतात. उत्तर सापडायला सत्तावीस वर्षे लागली. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्झ यांनी दाखवले की अमोनियाचे नायट्रेट होणे हे सजीवांचे, सूक्ष्मजीवांचे काम आहे. ते पुढे नेणाऱ्यांत इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेतीसंशोधन केंद्रातले एक रसायनतज्ज्ञ होते. हे काम दोन पायऱ्यांत होते, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे त्यांनी दाखवले. त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. आपल्या मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टन यांचे ते चिरंजीव! ते जिवाणू वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी साधले. अलीकडे, २०१५ साली, दोन्ही पायऱ्या एकटा पार पाडणारा जिवाणूही सापडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या गाळणयंत्रातून आलेला होता.

म्हणजे बापाने पेटी मांडली आणि त्या पेटीत खरे काम कोण करते त्याचा धागा मुलाच्या हाती लागला. आपण मात्र दीडशे वर्षांनंतरही फळ्यावर बापाचेच चित्र काढतो. मुलाचा शोध 'नायट्रोजन चक्र' या दुसऱ्याच धड्यात जातो आणि तिथे तो शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींपाशी थांबतो. पेटीतली वाळू, काचेवरचा बुळबुळीत थर, दगड, गाळणीतला स्पंज या सगळ्यांवर कोट्यवधी जिवाणूंची साय धरलेली असते. तिच्यावाचून मासा आठवडाभरही धड जगत नाही. हे चित्रात नाही, म्हणून शिकवण्यात नाही, आणि शिकवण्यात नाही म्हणून हात घालताना मनातही येत नाही. त्या चित्राचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. ते अपुरे आहे, एवढ्यावर भागले असते. पण ते पाण्याला निर्जीव ठरवते.

या सायीत सगळेच आपल्या कामाचे नसतात. तिच्यातल्या एकाची ओळख शिक्षकांना हवीच. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरीनम. हा क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग. १९२६ साली ॲरॉन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो ओळखला, म्हणून नाव 'मरीनम', समुद्रातला. नाव फसवे आहे, कारण गोड्या पाण्यातही तो तितकाच सुखाने राहतो. माणसाला त्याची बाधा होते हे १९५१ साली स्वीडनमधल्या एका पोहण्याच्या तलावामुळे कळले. घरच्या माशांच्या पेटीत हात खरचटून झालेल्या गाठींची नोंद १९६२ साली अमेरिकेत झाली. तेव्हापासून जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना हा विकार 'मत्स्यालयवाल्यांची गाठ' म्हणून परिचित आहे.

तो शरीरात शिरतो ते त्वचेच्या फटीतून. काचेची धार लागते, दगडाने बोट सोलते, माशाचा काटा टोचतो, किंवा आधीचीच चीर असते. नंतर काहीच होत नाही, आणि यातच त्याची लबाडी आहे. दोन-तीन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटावर किंवा हाताच्या पाठीवर एक लालसर-जांभळट गाठ येते. ती फारशी दुखत नाही. कधी चिघळते, कधी तिच्यासारख्याच गाठी हातावर एका रेषेत वर चढत जातात. तोवर पेटी धुतल्याची आठवण कोणाला असणार?

हातच का? कारण या जंतूला ३० ते ३३ अंश सेल्सिअस तापमान मानवते; शरीराच्या आतल्या ३७ अंशांत तो नीट वाढत नाही. बोटांची त्वचा थंड, म्हणून तिथे त्याचा मुक्काम. थंड देशांतले लोक उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी पेटीत विजेचा तापक बसवतात. आपल्या विदर्भातल्या व्हरांड्यात त्याची गरज पडत नाही. उन्हाळ्याचे निदान काही महिने तरी आपली पेटी या जंतूला हवी तशी ऊबदार फुकटातच राहते.

याच तापमानामुळे निदानही चुकते. प्रयोगशाळेत नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर ठेवला तर काही उगवत नाही आणि अहवाल कोरा येतो. ३० अंशांच्या आसपास ठेवला तर उगवतो. पण तसा ठेवायला डॉक्टरांनी सांगितले पाहिजे, आणि डॉक्टरांना तसे सुचायला रुग्णाने 'माझ्याकडे माशांची पेटी आहे' हे एक वाक्य बोलले पाहिजे. सगळ्या उपचाराची किल्ली त्या एका वाक्यात आहे. ते बोलले गेले नाही तर आधी बुरशीचे मलम, मग साधी प्रतिजैविके, मग त्वचेचा क्षय समजून औषधे, असा प्रवास होतो. क्षयावरची आयसोनायझिड आणि पिराझिनामाइड ही नेहमीची औषधे तर या जंतूवर सहसा चालतच नाहीत. योग्य औषधांनीही उपचार काही महिने घ्यावा लागतो.

भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे आणि ती वैद्यकीय कमी, सामाजिक अधिक आहे. भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाखाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, पण पूर्व विदर्भात नवे रुग्ण शोधण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. कुष्ठरोगाचा जंतूही मायकोबॅक्टेरियमच, आणि त्यालाही शरीराचे थंड भागच आवडतात. अशा गावात मुलाच्या हातावर न दुखणारी गाठ आली की घरच्यांच्या मनात काय येते आणि वर्गात काय कुजबुज होते, ते शिक्षकांना सांगायला नको. मत्स्यालयाच्या गाठीत त्या जागेचे स्पर्शज्ञान सहसा जात नाही, आणि ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण हा भेद करणे डॉक्टरांचे काम आहे. आपले काम मुलाला लवकर दवाखान्यात पाठवण्याचे आणि वर्गातली कुजबुज थांबवण्याचे. अर्थात, कुष्ठरोग निघाला तरी तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचे कारण नसते, हेही त्याच तासाला सांगायला हरकत नाही.

हे वाचून कोणी पेटी फोडून टाकू नये. ही बाधा विरळ आहे. जगात लाखो घरांत मासे पाळले जातात आणि बहुतेकांना आयुष्यात कधी काही होत नाही. पोटाच्या तक्रारींची शक्यता त्यामानाने साधी आणि रोजची आहे. माशांची विष्ठा पाण्यात असते, त्यात साल्मोनेला असू शकतो, आणि हात न धुता खाल्ले की तो पोटात जातो. ऑस्ट्रेलियात २००३-०४ मध्ये साल्मोनेलाच्या एका प्रकाराची लागण घरच्या उष्णकटिबंधीय माशांच्या पेट्यांपर्यंत शोधत नेता आली, आणि रुग्णांत लहान मुलांचा वाटा मोठा होता. रांगते मूल पेटीच्या पाण्यात हात घालते आणि तो तोंडात घालते, यात नवल ते काय? जास्त चिंतेची गोष्ट वेगळीच होती. तो जंतू एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. शोभेचे मासे वाढवताना, वाहून नेताना प्रतिजैविके सढळ हाताने वापरली जातात. आपल्याकडेही माशाची शेपटी झडू लागली की दुकानदार टेट्रासायक्लिनची पुडी देतो आणि आपण ती अंदाजाने टाकतो. मासा वाचो न वाचो, पेटीतल्या जिवाणूंची मात्र औषधाला पुरून उरण्याची तालीम होते. मग त्याच पाण्यात मुलांचे हात जातात.

आता पुस्तिकांकडे वळू. दुकानात पेटीबरोबर मिळणाऱ्या पत्रकांत आणि हौशी मंडळींच्या पुस्तिकांत एक सल्ला हमखास भेटतो: महिन्यातून एकदा मासे बाहेर काढा, सगळे पाणी फेकून द्या, वाळू, दगड, काचा घासून लख्ख करा. मला तरी याहून वाईट सल्ला सुचणार नाही. माशांच्या दृष्टीने तो वाईट, कारण अमोनिया पचवणारी साय आपण एका सकाळीत घासून टाकतो. ती पुन्हा नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ती बसते न बसते तोच पुढच्या महिन्याची धुलाई येते आणि मासे का मरतात हे कोणाला उमगत नाही. घासणाऱ्याच्या दृष्टीनेही तो तितकाच वाईट, कारण बोटे सोलणारे काम नेमके हेच. कोपर काचेवर घासते, खडे नखात शिरतात आणि मोकळी झालेली साय कोपरापर्यंत लागते. आठवड्या-पंधरवड्याला पाव हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे घालावे, आणि स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात बादलीत हलकेच पिळावा. माशाचे आणि माणसाचे हित इथे एकच आहे. तरीही अशा पत्रकांत रोगांचा जो तक्ता असतो तो माशांच्या रोगांचा, हाताविषयी एक ओळ नसते. 'हात घालण्यापूर्वी साबण लावू नका' एवढे असते, तेही माशाच्या काळजीने! ते बरोबर आहे. आधी नुसत्या पाण्याने, आणि नंतर साबणाने, असा क्रम हवा. दुसरा अर्धा भाग कोणी छापत नाही.

वक्रनलिकेसाठी तोंडाची गरजच नाही. नळी आधी पेटीत पूर्ण बुडवून पाण्याने भरावी, बाहेर येणारे टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढावे, बादलीत पेटीच्या पातळीखाली नेऊन अंगठा सोडावा. पाणी वाहू लागते. मला तर वाटते की तत्त्वही असेच जास्त चांगले समजते. तोंडाने ओढले की मुलांना वाटते, ओढण्यामुळे पाणी येते. भरलेल्या नळीत ओढणारे कोणी नसते. पाणी का वाहते याचे उत्तर दोन टोकांच्या उंचीतल्या फरकातच शोधावे लागते. हातावर चीर असलेल्याने पेटीत हात घालू नये किंवा लांब रबरी मोजा घालावा. मासेवाल्या कामाची बादली वेगळी असावी, तिच्यावर तैलरंगाने ठळक मासा काढून ठेवावा आणि ती पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी विसळू नये. हे नियम मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी मुलांनाच का ते विचारावे. सायीची गोष्ट सांगितलेली असली की ती स्वतःहून सांगतात.

प्रयोगच करायचा तर पेटीचे पाणी बटाट्याच्या चकतीवर घालून बंद डबीत काय उगवते ते पाहण्याचा मोह टाळावा. काय उगवेल ते आपण ओळखू शकणार नाही, आणि डबी कोणीतरी उघडणारच. त्याऐवजी दोन बरण्या घ्या. एकीत धुतलेली नवी वाळू, दुसरीत जुन्या पेटीतली मूठभर वाळू. मासा कशातच नको. दोन्हींत माशांच्या खाद्याची सारखी चिमूट टाका आणि बाजारात मिळणाऱ्या अमोनियाच्या थेंब-चाचणीने दर दोन दिवसांनी रंग नोंदवा. जुन्या वाळूच्या बरणीत अमोनिया आधी उतरेल. दोन्ही बरण्यांचे पाणी दिसायला मात्र सारखेच नितळ असू शकेल. दोन वॉरिंग्टनांमधला सगळा फरक त्या दोन बरण्यांत दिसतो.

राहिला प्रश्न पाणी कुठून आणायचे आणि कुठे टाकायचे याचा. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात, आणि पाणवनस्पती आणायला मुले तिकडेच जातात. जावीत. पण तलावाचे पाणी 'नैसर्गिक' म्हणून शुद्ध ठरत नाही. त्यात गुरे बसतात, कपडे धुतले जातात. वैनगंगेचेही तसेच: नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. पेटी भरायला बोअरचे किंवा एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी पुरते. तलावातून आणलेली वनस्पती वेगळ्या घमेल्यात धुऊन, काही दिवस ठेवून मग पेटीत लावावी.

उलट दिशेने तर काहीच जाऊ नये. पेटीला कंटाळलेल्या माणसाला मासे मारवत नाहीत म्हणून तो ते तलावात सोडतो. त्याला ते पुण्यकर्म वाटते. काच साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच उजनीच्या जलाशयात पोचला आहे. त्याच्या काटेरी चिलखताने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. इकडे भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ढिवर मच्छीमारांबरोबर अनेक वर्षे खपून तलावांतली बेशरम काढली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे ढिवरांना ठाऊक होते, त्यावरच ते काम उभे राहिले. खरे सांगायचे तर संतुलनाचा धडा शिकवायला पेटीपेक्षा असा तलाव आणि असा ढिवर अधिक चांगला. त्याच्या हातावरच्या शिंगी माशाच्या काट्याच्या खुणाही त्याच धड्याचा भाग. पण पेटी असेल तर तिच्यातले मासे, वनस्पती आणि पाणी, औषध टाकलेले पाणी तर विशेषच, तलावात किंवा बोडीत जाता कामा नये.

मग पाव हिस्सा काढलेले पाणी टाकायचे कुठे? त्यात नायट्रेट असते, म्हणजे ते झाडांना चांगले. औषध घातलेले नसेल तर शाळेच्या परसबागेतल्या जास्वंदीला, शेवग्याला, पपईच्या बुंध्याशी ते घालावे. कोथिंबीर, मुळा, पालक यांच्या वाफ्यांत मात्र नको. ती भाजी उद्या पोषण आहाराच्या शेडमध्येच जाणार आहे.